‘डॉक्टर, निघू या’

पत्राचा सारांश: इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टरांचं हे पत्र. ॲम्ब्युलन्स पोस्टिंगमध्ये त्यांना एका अपघाताच्या केसला पाठवलं होतं. मोटारसायकलवरून फेकला गेलेला तरुण, पोट ताठ, नाडी जलद, अर्धवट शुद्धीत. यांनी रस्त्याच्या कडेलाच सलाइन लावायला घेतलं. दोनदा व्हेन (शीर) हुकली, तिसऱ्यांदा मिळाली. मग गुंगी वाढतेय असं वाटलं म्हणून भूल देऊन श्वासनलिकेत ट्यूब टाकली. ट्यूब पहिल्याच प्रयत्नात गेली, पण लगेच रक्तदाब कोसळला. मधल्या काळात सोबतचा पॅरामेडिक (ॲम्ब्युलन्सवर उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी) दोनदा म्हणाला होता, ‘डॉक्टर, निघू या.’ जागेवर २६ मिनिटं गेली. हॉस्पिटल ९ मिनिटांवर होतं. तिथे सर्जननी सगळ्यांसमोर विचारलं, ‘इतका वेळ काय चाललं होतं?’ पोटातली प्लीहा (स्प्लीन) फाटली होती. ऑपरेशन झालं, रुग्ण वाचला. आता या डॉक्टरांसमोर दोन वाटा आहेत: हॉस्पिटलातली नोकरी, किंवा हॉस्पिटलपूर्व सेवेतली एक वर्षाची फेलोशिप. तीन आठवड्यांत कळवायचं आहे. घरचे म्हणतात, ‘इतकं शिकून शेवटी गाडीवरच जायचं?’ पत्राच्या शेवटी तीन प्रश्न आहेत. हे काम मला जमणारं नाही का? पॅरामेडिकचंच ऐकायचं तर डॉक्टरने गाडीत असायचं कशाला? आणि हे वर्ष वाया तर जाणार नाही?

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पत्रात ‘ट्यूब पहिल्याच प्रयत्नात गेली’ हे वाक्य दोनदा आलंय. एकदा घटना सांगताना, आणि एकदा अगदी शेवटी, काही संदर्भ नसताना. मी तिथे अडले. हात चुकला असता तर तुम्ही एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, आणखी पन्नास ट्यूबा टाकल्या असत्या आणि विषय मिटला असता. हात बरोबर चालला आणि तरी माणूस खालावला, हे तुम्हाला पचत नाहीये. म्हणून आधी त्या २६ मिनिटांबद्दल बोलू. फेलोशिपचं नंतर.

पोटात रक्तस्राव होत असलेल्या माणसाचं शरीर रक्तवाहिन्या आवळून कसाबसा रक्तदाब धरून ठेवतं. भुलीचं औषध ती आवळलेली मूठ सैल करतं. त्यात ट्यूबमधून दाबाने हवा ढकलायला लागलो की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं उरलंसुरलं रक्तही घटतं. हे तुम्हाला मी सांगायला नको. परीक्षेत विचारलं तर आकृती काढून दाखवाल. कॅज्युअल्टीत हेच केलं असतंत तर रक्ताच्या पिशव्या दहा पावलांवर होत्या, भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर, थिएटर त्याच इमारतीत. रक्तदाब कोसळला असता तरी सावरायला चार माणसं होती. रस्त्याच्या कडेला तुमच्या पाठीशी एक बॅग, एक पॅरामेडिक आणि एक ड्रायव्हर होता. तुम्ही हॉस्पिटलातली कृती जशीच्या तशी बाहेर आणलीत. तिच्यामागे उभं असलेलं हॉस्पिटल मात्र आणता येत नाही.

त्या माणसाला हवी होती ती एकच गोष्ट: प्लीहेपर्यंत पोचणारा सर्जन. सलाइनसुद्धा चालत्या गाडीत लावता आलं असतं, न लागलं तरी फार बिघडलं नसतं. पॅरामेडिकने बहुधा हेच पाहिलं. त्याचं निदान तुमच्यापेक्षा अचूक होतं असं नाही, पण त्याचं लक्ष घड्याळावर होतं आणि तुमचं व्हेनवर. दोन्ही हात एका बारीक कामात गुंतले की आजूबाजूचा काळ दिसेनासा होतो. हे सगळ्यांचं होतं, अनुभवी लोकांचंही. त्यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: गाडीतून उतरतानाच कुणाला तरी सांगून ठेवायचं, ‘दहा मिनिटं झाली की मोठ्याने सांगा.’ आणि सांगितलं की ऐकायचं.

एक आणखी. रुग्ण वाचला याचा आधार घेऊ नका, आणि तो गेला असता तर काय, या विचारानेही स्वतःला जाळू नका. निर्णय त्या क्षणी हातात असलेल्या माहितीवर तपासायचा असतो. शेवट काय झाला त्यावरून मागे जाऊन त्याला गुण दिले तर आपण काहीच शिकत नाही, कारण चुकीच्या निर्णयानंतरही माणसं वाचतात आणि बरोबर निर्णयानंतरही दगावतात.

सर्जननी सगळ्यांसमोर विचारलं ते त्यांचं चुकलं. प्रश्न मात्र बरोबर होता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नात एक गृहीत दडलंय, तिकडे वळते. तुम्ही धरून चालता की गाडीत जितकं जास्त शिकलेलं माणूस तितकी सेवा चांगली, आणि डॉक्टर असूनही फरक पडत नसेल तर डॉक्टर नकोच. या विषयाचा इतिहास बघितला तर तो इतका सरळ जात नाही.

१९६६ मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञांनी डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र, ॲम्ब्युलन्समध्ये चढवला. हृदयविकाराचे कितीतरी रुग्ण हॉस्पिटलात पोचण्याआधीच दगावत होते, मग हॉस्पिटलच त्यांच्याकडे न्यायचं. ते यंत्र जवळपास ७० किलोचं होतं आणि गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचं. सोबत डॉक्टर आणि नर्स जायचे. कल्पना जगभर पसरली, पण तिच्यातला डॉक्टर सगळीकडे पोचला नाही. अमेरिकेत मायामी, सिॲटल अशा ठिकाणी तेच काम अग्निशमन दलाच्या प्रशिक्षित माणसांकडे गेलं, आणि त्यांनी ते उत्तम केलं.

मला याहून जवळची वाटते ती पिट्सबर्गची गोष्ट. तिथे १९६७ मध्ये फ्रीडम हाउस ही ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. तोवर त्या शहरात आजारी माणसाला बहुधा पोलिसांची गाडी न्यायची, उपचार जवळपास शून्य. भूलतज्ज्ञ पीटर सफार यांनी कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना निवडून महिनोन्महिने शिकवलं, ट्यूब टाकण्यापर्यंत. पुढे नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टर त्या सेवेची वैद्यकीय संचालक झाली. ती त्यांच्यासोबत गाडीत फिरायची, त्यांच्या केसेस तपासायची, त्यांच्याशी भांडायची, त्यांच्याकडून शिकायची. त्या अनुभवातून तिने अमेरिकेतल्या पॅरामेडिकसाठी देशपातळीवरचा अभ्यासक्रम लिहिला. ती सेवा १९७५ मध्ये बंद झाली. कॅरोलाइनने स्वतः किती ट्यूबा टाकल्या हे आज कुणी विचारत नाही.

युरोपात वेगळी वाट निघाली. जर्मनीत गंभीर केस असेल तर ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टरची छोटी गाडी वेगवेगळ्या ठिकाणांहून निघून घटनास्थळी भेटतात. फ्रान्समध्ये १५ नंबर फिरवला की नियंत्रण कक्षात डॉक्टर बसलेला असतो; फोनवरचं ऐकून कुणाला काय पाठवायचं ते तो ठरवतो. या दोन्ही पद्धतींत डॉक्टर आहे, पण प्रत्येक गाडीत प्रत्येक केसला नाही.

आणि आकड्यांचं म्हणाल तर ते आपल्या डॉक्टरांच्या जमातीला जरा नम्र करणारे आहेत. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, जिथे झटपट शॉक देण्याची सोय आधीच होती, तिथे ट्यूब आणि शिरेतून औषधं यांची भर घालून पाहिली. कार्डियाक अरेस्टनंतर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर, जिवंत घरी जाणाऱ्यांचं प्रमाण ५.० टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे हललंच नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास. मग कुणी म्हणेल, ट्यूब बाहेर टाकूच नये. पण २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियातून उलटं चित्र आलं. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णांना तिथल्या खास तयार केलेल्या पॅरामेडिकनी जागेवरच औषध देऊन ट्यूब टाकली. सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण ५१ टक्के होते. ज्यांना हॉस्पिटलात पोचल्यावर ट्यूब पडली त्यांच्यात ३९ टक्के. रुग्ण वेगळे, तयारी वेगळी, उत्तर वेगळं.

त्यामुळे ‘उचला आणि पळा’ की ‘थांबा आणि करा’ हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. अरेस्ट झालेल्या माणसाला जिथे सापडला तिथेच सीपीआर द्यायचा. चालत्या गाडीत छातीवरचे दाब नीट बसत नाहीत आणि देणाराही आपटतो. साखर उतरलेल्याला साखर तिथेच. ॲनाफिलॅक्सिसला (जीवघेण्या ॲलर्जीला) मांडीत ॲड्रेनालिन तिथेच, त्याच मिनिटाला. छातीत हवा कोंडून प्राण कंठाशी आलेल्याची हवा तिथेच मोकळी करायची. हातापायातून भळाभळा वाहणारं रक्त तिथेच आवळून बांधायचं. पण रक्त पोटात वाहत असेल तर निघायचं. हे ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. पण हे कागदावर नेमकं लिहायला, शंभर गाड्यांतल्या माणसांना शिकवायला, दर महिन्याला केसेस काढून ‘इथे का थांबलो’ हे विचारायला आणि चूक झाली तर तिची जबाबदारी आपल्या सहीने घ्यायला कुणीतरी डॉक्टर लागतो. हे तुमच्या ‘डॉक्टर कशाला’चं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं त्या मोजक्या केसेसमध्ये आहे, जिथे कागद संपतो: गाडीच्या पत्र्यात अडकलेला पाय, एकाच वेळी वीस जखमी, किंवा शुद्धीत असलेला माणूस जो हॉस्पिटलात यायला ठाम नकार देतोय आणि त्याला नकार देण्याइतकं भान आहे की नाही हे ठरवायचं आहे.

अमेरिकेत २०१० मध्ये या हॉस्पिटलपूर्व कामाला स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता मिळाली आणि पहिली बोर्ड परीक्षा २०१३ मध्ये झाली. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये. विषय म्हणून तो तुमच्याहून लहान आहे. त्यामुळे घरच्यांना तो ‘गाडीवरची ड्यूटी’ वाटला तर त्यांचा फार दोष नाही. त्यांना पटवण्यात शक्ती घालवू नका. एकदा जेवताना सांगा की तुमच्या सहीच्या कागदावर तुम्ही कधीही न पाहिलेल्या माणसांवर मध्यरात्री उपचार होणार आहेत. तेवढं पुरे.

‘मला हे जमणारं नाही का’ या प्रश्नावर एक माझी गोष्ट सांगते. गाडीतल्या माझ्या दुसऱ्या आठवड्यात एका घराच्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून मी लॅरिन्गोस्कोप (ट्यूब टाकताना घशात बघायचं दिव्याचं उपकरण) उघडला आणि दिवा लागला नाही. सकाळी बॅग तपासली नव्हती. ते काम माझं नाही असं मला वाटायचं. ड्रायव्हरने आपल्या टॉर्चमधले सेल काढून दिले. ते बसले, दिवा लागला. तो माणूस काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होताना त्याने बॅग माझ्यासमोर आणून ठेवली आणि स्वतः चहाला गेला. त्यानंतर आजवर मी बॅग स्वतः न उघडता गाडीत बसलेले नाही.

सांगायचं कारण हे, की बाहेरचं काम वेगळं शिकावं लागतं आणि तुम्हाला ते कुणी शिकवलेलंच दिसत नाही. तुमच्या पत्रावरून कळतं की पहिल्याच आठवड्यात तुम्हाला एकट्याने ‘गाडीतले डॉक्टर’ करून पाठवलं. हे पोस्टिंग आखणाऱ्यांचं अपयश आहे. माझ्या मते पहिल्या काही शिफ्टमध्ये शिकाऊ डॉक्टरने हात खिशात ठेवून तिसरा माणूस म्हणून बसावं. स्ट्रेचर जिन्यातून कसं वळतं, अंधारात कोण कुठे उभं राहतं, नातेवाइकांशी कोण बोलतं, हे नुसतं पाहावं. दोन-तीन शिफ्ट नियंत्रण कक्षात, हेडफोन लावून. ‘श्वास घेतोय का?’ या प्रश्नाला घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणतो आणि तो श्वास नसून अरेस्टनंतरची शेवटची घरघर असते, हे तिथे कानांनी शिकायला मिळतं. मग सिम्युलेशन, पण मॅनिकिनकडे पाठ करून: समोरचा पॅरामेडिक सांगेल, तुम्ही फक्त आवाजावर केस चालवायची. फोनवर सल्ला देणाऱ्या डॉक्टरला दिसत काहीच नसतं, म्हणून त्याला प्रश्न नेमके विचारता आले पाहिजेत. ‘कसा आहे?’ हा प्रश्न नाही. ‘तो तुमच्याशी पूर्ण वाक्य बोलतोय की मध्येच श्वास घेतोय?’ हा प्रश्न आहे.

चालत्या गाडीत स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही, हेही कुणीतरी आधी सांगायला हवं. ट्यूब जागेवर आहे की नाही हे कॅप्नोग्राफच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राच्या) रेषेवर बघायचं. रेषा सपाट झाली तर ट्यूब जागेवर नाही असंच धरायचं आणि वाद घालायचा नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच वेळापत्रकात नसते. हॉस्पिटलात आपण वाईट बातमी आपल्या घरात सांगतो. बाहेर ती त्यांच्या घरात सांगावी लागते. तिथे सीपीआर थांबवलात तर फरशीवर वेष्टनं पडलेली असतात, पलंग सरकवलेला असतो, शेजारी दारात उभे असतात. ‘आम्ही प्रयत्न केले’ म्हणून पाठ फिरवून तुम्हाला दुसऱ्या वॉर्डात जाता येत नाही. फेलोशिप घेतलीत तर पहिल्या महिन्यात एखाद्या जुन्या पॅरामेडिकला विचारा की अशा वेळी तो काय करतो. माझ्या ओळखीचा एक जण आधी फरशी आवरतो, पलंग जागेवर लावतो, आणि मग खाली बसून बोलतो. मी त्याची नक्कल करते.

त्या दोनदा बोललेल्या माणसाकडे तुम्ही परत गेलात का? पत्रात तसं काही दिसत नाही. जा. माफी मागायची गरज नाही, केसपेपर घेऊन जा. वेळा लिहून काढा: पोचलो कधी, पहिली सुई कधी, औषध कधी, निघालो कधी. मग त्याला विचारा की दुसऱ्यांदा बोलताना त्याच्या मनात काय होतं, आणि तिसऱ्यांदा तो का बोलला नाही. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला थोडं जड जाईल. तुम्ही ऐकाल असं त्याला वाटलं नसेल, किंवा ऐकून चिडाल असं वाटलं असेल. हे वाचणाऱ्या पॅरामेडिकनाही सांगते: ‘निघू या’ पुरेसं नसतं. ‘डॉक्टर, अठरा मिनिटं झाली, याला सर्जन हवा, मी स्ट्रेचर उचलतोय’ असं म्हणा. नवा डॉक्टर दुखावेल. दुखावू दे.

आता निवड. फेलोशिप ‘चांगली की वाईट’ असं सरसकट सांगता येत नाही, कारण नाव एकच असलं तरी आत दोन वेगळी वर्षं असू शकतात. एका वर्षात तुम्ही शिकता. दुसऱ्यात तुम्ही रोस्टरमधली रिकामी जागा भरता. ओळखायचं कसं? तिथे आत्ता असलेल्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या फेलोला गाठा, प्रमुखांना नाही. विचारा की गेल्या महिन्यात वरिष्ठ डॉक्टर प्रत्यक्ष जागेवर किती वेळा आले. केसेसची चर्चा पॅरामेडिक आणि ड्रायव्हरसोबत होते की डॉक्टरांच्या खोलीत दार लावून. नियंत्रण कक्षात बसायला मिळतं का. वर्षभरात एखादा प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांची ठरलेली लेखी पद्धत, स्वतः लिहून, वापरून, तपासून बघायला मिळतो का. हॉस्पिटलात सोडलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं हे कळवायची काही सोय आहे का. ती नसेल तर वर्षभर तुम्ही अंधारात चेंडू फेकाल. सलग किती तासांची शिफ्ट असते आणि नाइटनंतर स्वतः गाडी चालवत घरी जावं लागतं का, हे विचारायला लाजू नका. कंबरेचं दुखणं असेल तर तेही आत्ताच बोला.

स्वतःलाही एक विचारा. तुम्हाला नक्की काय खेचतंय: सायरन, की सायरन बंद झाल्यावरचं काम? त्या वर्षातले बरेचसे तास कागद, फोन, मीटिंग आणि दुसऱ्यांच्या केसेस वाचण्यात जातात. ते नकोसं वाटत असेल तर हॉस्पिटलातली नोकरी तुम्हाला जास्त सुखाची होईल, आणि त्यात कमीपणा काही नाही. कॅज्युअल्टीच्या दारात ॲम्ब्युलन्सवाल्याचा हँडओव्हर (रुग्ण सोपवतानाची माहिती) पूर्ण होईपर्यंत शांत उभा राहून ऐकणारा डॉक्टरही हॉस्पिटलपूर्व सेवा सुधारतच असतो. असे डॉक्टर फार थोडे आहेत.

अपमान धुऊन काढायला म्हणून मात्र हे वर्ष घेऊ नका. त्या सर्जनना दाखवून द्यायचं असेल तर वर्षभर प्रत्येक केसमध्ये तुम्ही त्यांनाच दाखवत बसाल.

तीन आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात पॅरामेडिकला भेटा, दुसऱ्यात त्या फेलोला. फेलोने ‘वरिष्ठ गेल्या महिन्यात किती वेळा आले’ याचं उत्तर आकड्यात दिलं तर फेलोशिप घ्या. तो नुसता हसला तर नोकरी घ्या, आणि रुजू होतानाच महिन्याला दोन ॲम्ब्युलन्स शिफ्ट लेखी मागून घ्या. पहिल्या शिफ्टला बॅग स्वतः उघडा.